गावाने जपलेली लेखिका : झोरा नील हर्स्टन

अमेरिकेच्या आग्नेय टोकास फ्लोरिडा हे राज्य आहे. तेथील ऑर्लँडो शहरालगत ईटनव्हिल नावाचे एक लहानसे गाव आहे. १९९० पासून हे गाव जानेवारीच्या सुमारास आपल्या एका लेखिकेच्या नावाने उत्सव भरवीत आले आहे. विद्वानांची व्याख्याने, शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम, गाणे-बजावणे, कलाप्रदर्शने, खाद्यपदार्थांच्या पंगती असे त्याचे स्वरूप असते. ज्या लेखिकेसाठी हा सोहळा होतो ती मात्र १९६० साली निराधारगृहात मरण पावली होती आणि पुढची तेरा वर्षे तिच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. या लेखिकेचे नाव झोरा नील हर्स्टन. विस्मृतीच्या मातीखाली गेलेले नाव परत वर कसे आले, हे आपल्या संस्थेच्या परिवाराने जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते. म्हणूनच या स्मरणिकेत त्यांचे चरित्र सांगण्याचे योजिले आहे.

झोरा यांचा जन्म ७ जानेवारी १८९१ रोजी अलाबामा राज्यातील नोटासल्गा या खेड्यात झाला. आठ भावंडांत त्या पाचव्या. वडील जॉन हर्स्टन सुतारकाम करीत आणि बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. आई ल्युसी काही काळ शिक्षिका होती. झोरा अगदी लहान असतानाच हे कुटुंब ईटनव्हिल येथे येऊन स्थायिक झाले.

या गावाचा इतिहास समजून घेतल्याखेरीज झोरा समजत नाहीत. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली, तरी दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या वाट्याला माणुसकीची वागणूक आली नाही. शाळा वेगळ्या, रेल्वेचे डबे वेगळे, पाणी पिण्याच्या जागा वेगळ्या. बहिष्काराची ही रीत आपल्या वाडवडिलांना निराळी समजावून सांगावी लागली नसती. अशा काळात, १५ ऑगस्ट १८८७ रोजी, सत्तावीस कृष्णवर्णीय मतदारांनी एकत्र येऊन ईटनव्हिलची स्वतंत्र नगर म्हणून कायदेशीर स्थापना केली. गावचा नगराध्यक्ष कृष्णवर्णीय, पोलीस कृष्णवर्णीय, दुकानदार कृष्णवर्णीय. झोरा यांचे वडीलही पुढे या गावचे नगराध्यक्ष झाले. गावात टस्कीगी येथील प्रसिद्ध संस्थेच्या धर्तीवर एक निवासी शाळाही उभी राहिली. आपण कुणापेक्षा कमी आहोत, हे सांगणारे कोणी गावात नसल्यामुळे लहानग्या झोराला ते ठाऊकच नव्हते. त्यांच्या सगळ्या लेखनात जी ताठ मान दिसते, तिचे मूळ या बालपणात आहे.

गावात जो क्लार्क यांचे किराणा दुकान होते. दिवसभराचे काम आटोपून पुरुषमंडळी त्या दुकानाच्या ओट्यावर बसत आणि गोष्टींचा फड रंगवीत. देवाने माणूस कसा घडवला, ससा आणि अस्वल यांत कोण शहाणा, गुलामाने धन्याला कसे फसवले, अशा कथा तेथे एकावर एक रचल्या जात. झोराला दुकानात निरोप घेऊन पाठवले की ती मुद्दाम पाय ओढीत चाले आणि कानांत साठवता येईल तेवढे साठवून घेई. आईने मुलांना नेहमी उंच झेप घ्यायला सांगितले. मुलीचा असा बेडर स्वभाव गोऱ्यांच्या जगात तिला महागात पडेल, अशी वडिलांना धास्ती वाटे.

१९०४ साली आई वारली आणि तेथून घराची घडी विस्कटली. वडिलांनी लवकरच दुसरे लग्न केले. झोरा यांना जॅक्सनव्हिल येथील शाळेत ठेवले होते. तेथील फी घरून येईनाशी झाली आणि शिक्षण सुटले. पुढची दहाबारा वर्षे त्यांनी नातेवाइकांकडे राहून, परक्यांच्या घरी मोलकरणीची कामे करून काढली. एका फिरत्या गायक-नाटक मंडळीत एका नटीची सेविका म्हणूनही त्या राहिल्या.

१९१७ साली त्या बाल्टिमोर शहरात होत्या. वय सव्वीस वर्षांचे आणि शाळा अपुरी. तेथील सरकारी शाळेत मोफत शिकण्यास वयाची मर्यादा होती. झोरा यांनी आपले जन्मवर्ष १९०१ असे सांगितले आणि सोळा वर्षांची मुलगी म्हणून वर्गात जाऊन बसल्या. पुढे आयुष्यभर त्यांनी ही दहा वर्षे परत मोजली नाहीत. या गोष्टीचे समर्थन करावे की करू नये, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोडतो. शिक्षणाचे दार वयामुळे बंद होऊ नये म्हणून एका तरुण स्त्रीला आपल्या आयुष्याची दहा वर्षे खोडून टाकावी लागली, एवढे मात्र विसरता येत नाही. आपल्या पालकांपैकी ज्यांनी संसार सांभाळून रात्रशाळेत अक्षरे गिरवली, त्यांना या सव्वीस वर्षांच्या विद्यार्थिनीचे मन सहज उमगेल.

त्यानंतर वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात त्यांनी प्रवेश घेतला. केशकर्तनालयात गिऱ्हाइकांची नखे घासून-रंगवून त्या शिक्षणाचा खर्च भागवीत. १९२१ साली विद्यापीठाच्या वाङ्मयीन नियतकालिकात त्यांची पहिली कथा छापून आली. १९२५ मध्ये त्या न्यूयॉर्कला गेल्या. हार्लेम या वस्तीत तेव्हा कृष्णवर्णीय लेखक, कवी, संगीतकार यांची एक मोठी पिढी एकत्र आली होती. ‘ऑपॉर्च्युनिटी’ मासिकाच्या स्पर्धेत झोरा यांना पारितोषिके मिळाली आणि त्याच ओळखीतून बार्नार्ड महाविद्यालयात शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला. बार्नार्ड हे कोलंबिया विद्यापीठाशी जोडलेले स्त्रियांचे महाविद्यालय. त्या वेळी तेथे झोरा या एकमेव कृष्णवर्णीय विद्यार्थिनी होत्या. १९२८ साली त्या पदवीधर झाल्या.

कोलंबियाचे नाव आले की आपल्या वाचकांच्या मनात १९१३ हे साल आल्यावाचून राहत नाही. त्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे शिकावयास गेले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींची उत्पत्ती आणि यंत्रणा यांविषयीचा आपला निबंध डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात वाचला. हे गोल्डनवायझर प्रा. फ्रान्झ बोआस यांचे शिष्य. त्याच बोआस यांच्या हाताखाली नऊ-दहा वर्षांनी झोरा मानववंशशास्त्र शिकल्या. मनुष्यामनुष्यांतील भेद रक्तातून येत नाहीत, ते समाजाची रचना आणि संस्कृती यांतून घडतात, हे बोआस यांच्या शिकवणुकीचे सार होते. या दोन विद्यार्थ्यांची भेट झाली नाही आणि दोघांचे मार्गही वेगळे. पण जन्मावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या समजुतीला शास्त्राच्या कसोटीवर तपासणारी विचारांची हवा दोघांनी एकाच विद्यापीठात अनुभवली, ही गोष्ट आमच्या मनाला समाधान देते.

बोआस यांनी झोरा यांना १९२७ साली फ्लोरिडात कृष्णवर्णीयांच्या लोककथा जमवण्यासाठी पाठवले. पहिल्या फेरीत त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही. महाविद्यालयातील शुद्ध उच्चारांत त्या लोकांना गाणी आणि गोष्टी विचारू लागल्या, तेव्हा लोक नम्रपणे मान हलवून गप्प राहिले. शिकून परतलेल्या मुलीशी मन मोकळे करावे असे त्यांना वाटले नाही. झोरा यांनी आपली ही चूक ओळखली आणि पुढील फेरीत त्या गावच्याच भाषेत बोलू लागल्या. लाकूड कापण्याच्या गिरण्या, टर्पेंटाईन काढणाऱ्या मजुरांच्या छावण्या, येथे त्या राहिल्या, नाचल्या, त्यांच्यात बसून जेवल्या. एका छावणीत एका बाईने द्वेषाने त्यांच्यावर सुरी उगारली, तेव्हा दुसऱ्या धिप्पाड मैत्रिणीने आडवे येऊन त्यांना वाचवले. या भटकंतीतून ‘म्यूल्स अँड मेन’ हा लोककथांचा ग्रंथ १९३५ साली सिद्ध झाला. त्याची सुरुवात ईटनव्हिलच्याच ओट्यावरील मंडळींपासून होते. आपल्या शाळेतून शिकून मोठ्या हुद्द्यांवर गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी झोरा यांच्या त्या पहिल्या, फसलेल्या फेरीचा विचार अवश्य करावा. शिक्षणाने जीभ घडते, पण आपल्याच माणसांशी बोलताना तिला मागची वाट आठवावी लागते.

याच काळात त्या अलाबामातील कुजो लुईस नावाच्या वृद्ध गृहस्थांना भेटल्या. त्यांचे आफ्रिकेतील मूळ नाव कोसुला. १८६० साली, गुलामांची आयात कायद्याने बंद होऊन पन्नास वर्षे उलटल्यानंतर, ‘क्लोटिल्डा’ या जहाजातून त्यांना चोरून आणले होते. झोरा त्यांच्यासाठी पीच, कलिंगड घेऊन जात, त्यांच्या ओसरीवर बसत आणि त्यांना बोलावेसे वाटेल तेव्हाच ऐकत. काही दिवस नुसते फळ खाऊन, एक शब्दही न बोलता जात. या मुलाखतींवरून त्यांनी १९३१ साली ‘बाराकून’ हे पुस्तक लिहिले. कोसुला यांची बोली बदलून प्रमाण इंग्रजी करावी, असा प्रकाशकांकडून आग्रह झाला. झोरा यांनी नकार दिला. पुस्तक पेटीतच राहिले आणि २०१८ साली, सत्त्याऐंशी वर्षांनी, त्याच बोलीत प्रसिद्ध झाले.

या कामासाठी पैसा लागे आणि तो एका श्रीमंत गोऱ्या आश्रयदातीकडून येई. महिना दोनशे डॉलर मिळत, परंतु करार असा होता की जमवलेल्या सामग्रीवर हक्क त्या बाईंचा. ज्या कथा आपल्या गावाच्या, आपल्या आजोळच्या, त्या छापण्यासाठी दुसऱ्याची परवानगी घ्यावी लागावी, ही टोचणी झोरा यांनी काही वर्षे सोसली. ज्ञान जमवणारा एक आणि त्याचा मालक दुसरा, ही स्थिती किती अपमानकारक असते हे यावरून ध्यानात येते.

१९३४ साली त्यांची पहिली कादंबरी आली. १९३६ मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर त्या कॅरिबियन बेटांत गेल्या आणि हैतीत असताना अवघ्या सात आठवड्यांत त्यांनी ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ ही कादंबरी लिहून काढली. ती १९३७ साली प्रसिद्ध झाली. जेनी क्रॉफर्ड या स्त्रीची ही कथा. आजीने सुरक्षिततेसाठी लावून दिलेले लग्न, मग ईटनव्हिलच्या नगराध्यक्षाशी संसार, ज्यात प्रतिष्ठा आहे पण चारचौघांत बोलण्याची मुभा नाही, आणि शेवटी स्वतःच्या मनाने निवडलेला साथीदार. १९२८ साली ओकीचोबी सरोवराकाठी आलेल्या महावादळाचे भीषण चित्र या कादंबरीत आहे. वादळ आणि पूर यांत मेलेल्यांनाही गोरे व काळे असे वेगळे करून पुरले गेले, हे तीत वाचताना आपल्याकडील वेगळ्या स्मशानभूमी डोळ्यांसमोर येतात.

या कादंबरीवर सर्वांत कठोर टीका केली ती रिचर्ड राइट या कृष्णवर्णीय लेखकानेच. तिच्यात संदेश नाही, अन्यायाविरुद्धचा संताप नाही, गोऱ्या वाचकांची करमणूक आहे, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. आपल्या साहित्यातही हा वाद झाला आहे आणि तो संपलेला नाही. आमचे मत असे की दुःखाची नोंद करणे जितके आवश्यक, तितकेच आपल्या माणसांचे हसणे, प्रेम, गाणे यांची नोंद करणेही आवश्यक आहे. अन्यायाने माणसाचे सगळे आयुष्य व्यापले होते असे लिहिले, तर अन्याय करणाऱ्याला न मिळालेला विजयही आपण त्याच्या पदरात टाकतो.

झोरा यांची प्रत्येक भूमिका आम्हांस मान्य आहे असे नाही. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरवला. त्या निकालावर त्यांनी पुढच्या वर्षी वृत्तपत्रातून टीका केली. गोऱ्यांच्या शेजारी बसल्यानेच काळ्या मुलाला प्रतिष्ठा मिळते, हे गृहीतक त्यांना अपमानाचे वाटले. कृष्णवर्णीय शिक्षकांच्या आणि शाळांच्या गुणवत्तेवर त्यांचा विश्वास होता. समाजाने स्वतःच्या हिमतीवर चालवलेल्या निवासी शाळेत वाढलेल्यांना त्यांचा स्वाभिमान समजू शकतो. तथापि सार्वजनिक तळ्यावरचा आणि सार्वजनिक शाळेवरचा हक्क हा कुणाच्या सहवासाची भीक नसून नागरिकत्वाचा प्रश्न आहे, हे महाडने आपल्याला शिकवले. येथे झोरा यांचे म्हणणे आम्हांस अपुरे वाटते. थोर व्यक्तीचे चरित्र सांगताना तिचे असे मतही झाकू नये, म्हणून हे नमूद केले.

१९४८ नंतर त्यांचे दिवस फिरले. त्यांच्यावर एक गंभीर आरोप झाला. तो खोटा ठरून खटला रद्द झाला, पण वृत्तपत्रांनी उडवलेली राळ मागे राहिली. पुस्तके बाजारातून नाहीशी झाली. १९५० साली मायामीत त्या एका घरी मोलकरीण म्हणून काम करीत होत्या आणि त्याच वेळी देशातील एका मोठ्या साप्ताहिकात त्यांची कथा छापून आली होती. १९५७ साली त्या फोर्ट पिअर्स या शहरात आल्या. तेथील कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकात त्यांनी लेखन केले, काही काळ शाळेत बदली शिक्षिका म्हणून शिकवले. हेरॉद राजाच्या चरित्राचे हस्तलिखित प्रकाशकांकडून परत आले, तरी त्या ते लिहीतच राहिल्या. पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांना जिल्ह्याच्या निराधारगृहात दाखल व्हावे लागले. २८ जानेवारी १९६० रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. अंत्यविधीसाठी वर्गणी जमवावी लागली आणि कृष्णवर्णीयांच्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.

मागे राहिलेले सामान जाळण्यास सुरुवात झाली. कपडे, चिठ्ठ्या, पत्रे आणि हस्तलिखिते आगीत पडली. त्या वाटेने पॅट्रिक ड्युव्हाल नावाचे एक कृष्णवर्णीय पोलीस अधिकारी चालले होते. त्यांचा झोरा यांच्याशी परिचय होता आणि या बाई लेखिका आहेत हे त्यांना माहीत होते. त्यांनी बागेतील पाण्याची नळी घेतली आणि आग विझवली. वाचलेले कागद आज गेन्सव्हिल येथे फ्लोरिडा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेले आहेत. त्यांतील काहींच्या कडा करपलेल्या आहेत. ड्युव्हाल हे साहित्याचे प्राध्यापक नव्हते. कागदावर लिहिलेले जाळू नये, एवढे त्यांना कळत होते आणि तेवढे पुरले.

१९७३ साली तरुण लेखिका अ‍ॅलिस वॉकर या झोरा यांचा माग काढीत ईटनव्हिल आणि मग फोर्ट पिअर्सला आल्या. आपण भाची असल्याचे सांगून त्यांनी विचारपूस केली, कमरेइतक्या गवतातून थडग्याची जागा शोधली आणि तेथे दगड बसवला. त्या दगडावर जन्मवर्ष १९०१ असे कोरले आहे. शाळेत बसता यावे म्हणून पुसलेली दहा वर्षे अशी थडग्यावरही पुसलेलीच राहिली. वॉकर यांचा लेख १९७५ साली आला, १९७७ साली रॉबर्ट हेमेनवे यांनी लिहिलेले चरित्र आले, १९७८ साली कादंबरी पुन्हा छापली गेली. आज ती अमेरिकेतील असंख्य वर्गांत शिकवली जाते.

आता आम्ही पुन्हा ईटनव्हिलकडे वळतो. १९८७च्या सुमारास गावाच्या मधून पाचपदरी रस्ता नेण्याची योजना जिल्हा प्रशासनाने पुढे आणली. तसे झाले असते तर गाव दुभंगून त्याचे गावपण संपले असते. गावकऱ्यांनी ईटनव्हिलच्या जतनासाठी संस्था स्थापन केली. हे गाव केवळ रस्त्याच्या आड येणारी घरे नसून त्याला इतिहास आहे, हे सरकारला दाखवून देण्यासाठी त्यांच्याजवळ सर्वांत मोठा पुरावा कोणता होता? झोरा यांची पुस्तके. जो क्लार्क यांचा ओटा, चर्च, वाटा, माणसे, सगळे त्यांत लिहिलेले होते. त्या चळवळीतून १९९० साली पहिला झोरा उत्सव झाला. पुढे गावातील ऐतिहासिक भागाची राष्ट्रीय वारसा यादीत नोंद झाली. जिच्या गावाने तिला गोष्टी दिल्या, तिच्या पुस्तकांनी ते गाव राखले.

फोर्ट पिअर्सनेही आपली जबाबदारी ओळखली. तेथील सार्वजनिक ग्रंथालयाच्या एका शाखेस आज झोरा यांचे नाव आहे. त्या जेथे राहिल्या, जेथे शिकवले, जेथे विसावल्या, त्या ठिकाणांना जोडणारा स्मृतिमार्ग शहरात आखला आहे आणि ग्रंथालयाच्या सहभागाने तेथेही त्यांच्या नावाचा उत्सव भरत आला आहे.

आपल्याकडे म. ना. वानखेडे, जनार्दन वाघमारे यांसारख्या अभ्यासकांनी कृष्णवर्णीय साहित्याचा परिचय मराठी वाचकांस करून दिला आणि त्यातून दलित साहित्याला एक दूरचा सोबती मिळाला. झोरा यांच्या चरित्रातून त्या सोबतीला आणखी एक बाजू मिळते. जयंतीला आपण प्रतिमेस हार घालतो, मिरवणूक काढतो. ते योग्यच आहे. पण आपल्या वस्तीतील जलसाकारांची वही, आजीच्या ओव्या, धम्मदीक्षेच्या वेळी नागपूरला पायी गेलेल्यांच्या आठवणी, जुन्या पत्रकांचे गठ्ठे कोणत्या माळ्यावर पडून आहेत, याची चौकशी कोण करतो? घराची सफाई करताना असे कागद रद्दीत जातात आणि पाण्याची नळी घेऊन धावणारा प्रत्येक वेळी वाटेवर असतोच असे नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती आहे की असे कागद, अशा वह्या, अशा आठवणी शाळेच्या ग्रंथालयाकडे द्याव्यात. मूळ देववत नसेल तर प्रत द्यावी. लिहिता येत नसेल त्यांच्याकडून मुलांनी ऐकून त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावे, शब्द सुधारू नयेत. वर्षातून एक दिवस ग्रंथालयाच्या दाराशी सतरंजी अंथरून ते सर्वांनी मिळून वाचावे. उत्सवाला याहून अधिक काही लागत नाही.

झोरा नील हर्स्टन यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.